सनसनाटी, बातमीतली आणि तत्त्वज्ञानातली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षे रात्रपाळीचा उपसंपादक होतो, नंतर पत्रकारितेच्या वर्गांना शिकवू लागलो. दोन्हीकडे हे प्रश्न इतक्या वेळा कानावर आले की शेवटी उत्तरे लिहूनच काढली. काही उत्तरे लांबली आहेत, काही दोन-तीन ओळींत संपली आहेत. जिथे सांगण्यासारखे जास्त होते तिथे हात आखडता घेतला नाही, एवढेच.

सनसनाटी बातमी म्हणजे खोटी बातमी का?

नाही. हा घोळ आधी निस्तरू. घडलेच नाही ते छापले तर ती खोटी बातमी. सनसनाटी बातमीतला शब्द न् शब्द खरा असू शकतो. पुलावर एसटीची गाडी कठड्याला घासली, कुणाला खरचटलेसुद्धा नाही, ही घटना. 'चाळीस प्रवासी मृत्यूच्या दाढेतून परतले' हा मथळा. प्रवासी चाळीस होते, घरी परतले, सगळे खरे. माल खरा, तराजू खोटा.

आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. राईचा पर्वत करणे आणि पराचा कावळा करणे हे आपण एकाच अर्थाने वापरतो, पण नीट पाहा. पहिल्यात राई तरी खरोखर असते, फक्त पर्वताखाली ती सापडत नाही. दुसऱ्यात हाताशी असते एक पीस आणि त्यावरून अख्खा पक्षी उडवला जातो. वृत्तपत्राच्या कचेरीत दोन्ही चालते. दुसरे प्रकरण मात्र कधीही खोट्याच्या अंगणात जाऊन पडते.

तत्त्वज्ञानातही 'सेन्सेशनॅलिझम' आहे म्हणे. तिथे भडक मथळ्यांचे काय काम?

काहीच नाही. इंग्रजीत एकच शब्द दोन घरी नांदतो. 'सेन्सेशन' म्हणजे मुळात डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांना जे जाणवते ते. त्यावरून, मनातले सारे काही या जाणवण्यातूनच घडते, असे मानणाऱ्या मताला ते नाव पडले. पुढे 'अंगावर काटा आणणारी गोष्ट' हा अर्थ त्याच शब्दाला चिकटला आणि एकोणिसाव्या शतकात कादंबऱ्या, नाटके, वृत्तपत्रे यांच्याबाबत तोच रूढ झाला.

मराठीत आपली सोय आहे, कारण शब्दच दोन आहेत. बातमीसाठी सनसनाटी किंवा खळबळजनक, तत्त्वज्ञानासाठी संवेदनवाद. संवेदन हा शब्दही मजेदार आहे. विद् म्हणजे जाणणे, त्याच धातूपासून वेद, विद्या आणि वेदनासुद्धा. जाणणे आणि दुखणे आपल्याकडे एकाच मुळाची फळे आहेत.

शब्द वेगळे असले तरी या दोन अर्थांचा खरा संबंध एका जागी लागतो असे मला वाटते. ती जागा म्हणजे 'लक्ष'. ते पुढच्या उत्तरात येते.

कोंदियाकच्या पुतळ्याची भानगड काय आहे?

एत्येन बोनो द कोंदियाक हा अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये जॉन लॉकने १६९० साली मांडले होते की जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते. त्या कागदावर लिहिले जाते ते दोन वाटांनी: एक इंद्रियांची संवेदने आणि दुसरी मनाने स्वतःच्याच व्यापारांकडे वळून पाहणे. कोंदियाकने ही दुसरी वाट बंद केली. म्हणाला, वळून पाहणे हेसुद्धा संवेदनाचेच रूपांतर आहे.

ते पटवायला १७५४ साली त्याने संवेदनांवरचा आपला ग्रंथ लिहिला आणि त्यात एक पुतळा उभा केला. आतून माणसासारखा, बाहेरून संगमरवरी. आठवण नाही, कल्पना नाही, कोरा. कोंदियाक त्याला फक्त नाक देतो आणि समोर गुलाब धरतो. बाकी काहीच नाही. आपल्याला वाटेल, पुतळ्याला गुलाबाचा वास येईल. कोंदियाक म्हणतो, नाही. पुतळ्यापुरता तो स्वतःच गुलाबाचा वास असेल. 'मी' आणि 'वास' वेगळे करायला त्याच्याजवळ अजून काही नाही. एकच संवेदन साऱ्या मनाला व्यापून बसले आहे, आणि या व्यापून बसण्यालाच तो 'लक्ष' म्हणतो.

मग गुलाब दूर होतो, पण ठसा उरतो. ही स्मृती. दुसरे फूल येते, जुना ठसा आणि नवा वास एकाच वेळी हजर होतात. ही तुलना. यातले एक बरे, एक नकोसे, हा निर्णय. बरे ते पुन्हा हवे, ही इच्छा. असे एकेक पाऊल टाकत पुतळा माणूस होत जातो. जग आपल्या बाहेर आहे हे मात्र त्याला नाकाने, कानाने, डोळ्यानेही कळत नाही. ते कळते स्पर्शाने. हात स्वतःच्या छातीवर ठेवला तर दोन्हीकडून जाणवते, दगडावर ठेवला तर एकाच बाजूने.

आता सनसनाटी बातमीकडे या. तीही एकच संवेदन साऱ्या मनावर पसरवते. पडदा लाल, आवाज चढा, खाली धावती पट्टी, मागे ढोल. काही क्षण आपण ती बातमीच होऊन जातो. इथपर्यंत कोंदियाकचा पुतळा आणि दिवाणखान्यातला प्रेक्षक एका पायरीवर असतात. फरक पुढे पडतो. पुतळ्याला पुढची पायरी मिळते, म्हणजे मागचे आठवायची आणि दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायची. प्रेक्षकाला ती मिळू नये म्हणून दर तीन मिनिटांनी नवा गुलाब नाकाशी धरला जातो.

कोंदियाकचे हे मत आज कुणी मानते का?

जसेच्या तसे नाही. पण त्याचा हात लांबवर पोहोचला. रसायनशास्त्राला नवी परिभाषा देणाऱ्या लाव्हाझिएने १७८९च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कोंदियाकचा आधार घेतला. 'आयडिऑलॉजी' हा शब्द घडवणारा देस्त्यूत द त्रासी त्याच्याच परंपरेतला. म्हणजे आज ज्या शब्दावरून रोज रात्री पडद्यावर हाणामारी चालते, तो मुळात 'कल्पना कशा घडतात याचे शास्त्र' अशा सोज्ज्वळ अर्थाने जन्मला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट माखने संवेदनवादाला विज्ञानाच्या अंगाने पुन्हा उभे केले, आणि १९०९ साली लेनिनने त्यावर पुस्तकभर तोफ डागली.

सर्वांत भारी हरकत जर्मन तत्त्वज्ञ कांटची, १७८१ची. आशयावाचून विचार पोकळ आणि संकल्पनेवाचून इंद्रियानुभव आंधळा, असा तिचा मथितार्थ. इंद्रिये कच्चा माल देतात. त्याला काळ, अवकाश, कार्यकारण यांचे साचे मन स्वतःकडून पुरवते.

जन्मांध माणसाला दृष्टी आली तर काय दिसेल, हा प्रश्न संवेदनवादाशी जोडतात. का?

कारण त्याने वाद पुस्तकातून दवाखान्यात आला. मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने लॉकला विचारले होते: जन्मांध माणूस हाताने चाचपून गोळा आणि घन ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली तर नुसते पाहून तो कुठला कोणता हे सांगू शकेल का? लॉकचे उत्तर 'नाही' होते. १७२८ साली लंडनच्या चेसेल्डन या शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकीकत छापली. मुलाला सुरुवातीला अंतराचा अंदाजच येईना. समोरच्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत.

या गोष्टीचा पुढचा अध्याय भारतात घडला. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये उपचारांनी दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत तपासले गेले. हाताने ओळखलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना जवळपास जमले नाही. काही दिवसांतच मात्र जमू लागले. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिसणे वेगळे, दिसलेले कळणे वेगळे. वृत्तवाहिनीच्या संपादकाने हे टेबलासमोर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे असा विचार झाला होता का? चार्वाक संवेदनवादी म्हणायचे का?

चार्वाकांनी प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी जाणलेले, हेच प्रमाण मानले, अनुमान नाकारले, म्हणून ते शेजारचे वाटतात. पण मन संवेदनांतून कसे घडते याची उभारणी कोंदियाकने केली तशी त्यांच्या नावावर सापडत नाही. त्यांचे स्वतःचे ग्रंथच हाती उरले नाहीत. जे कळते ते बहुतेक विरोधकांच्या तोंडून. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्या 'कल्पनापोढ', म्हणजे नाव-जातीची कल्पना चिकटण्याआधीचे ज्ञान, अशी केली. कोंदियाकच्या पहिल्या वासाला ती जास्त जवळची आहे.

पण बातमीसाठी मला खरा उपयोग होतो तो न्यायसूत्रांचा, म्हणजे तर्क आणि प्रमाणे तपासणाऱ्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाचा. सूत्रकार गौतमाने प्रत्यक्षाच्या लक्षणात नुसता 'इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध' सांगून थांबणे टाळले. ते ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे न चकवणारे हवे आणि व्यवसायात्मक, म्हणजे निश्चित हवे, अशा अटी घातल्या. या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने यांची उदाहरणे दिली आहेत. मृगजळ पाहून पाणी समजणे, हे पहिल्या अटीला धरून नाही. लांबून काहीतरी करडे उठताना दिसते, धूर की धूळ ठरत नाही, ते दुसऱ्या अटीत बसत नाही. डोळ्यांना दिसले तर आहेच, पण ते अजून ज्ञान नाही.

'ब्रेकिंग' म्हणून जे दाखवतात त्यातले बरेचसे हे धूर-की-धूळ असते. प्रामाणिक बातमीदार लिहितो: लांबून काहीतरी उठताना दिसते आहे. सनसनाटी बातमीदार लिहितो: भीषण आग.

याहून महत्त्वाची गोष्ट आणखी एक. बातमी हे आपल्यासाठी प्रत्यक्ष नसतेच. ते शब्दप्रमाण, दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान. आणि त्याची अट न्यायसूत्रांत दोन शब्दांत आहे: 'आप्तोपदेशः शब्दः'. सांगणारा आप्त हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जसे जाणले तसेच सांगणारा. भडक मांडणीची सगळी कारागिरी इथे आहे. थरथरता कॅमेरा, किंचाळणारा आवाज, 'थेट घटनास्थळावरून' अशी पाटी; यामुळे ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते. पाहिले म्हटले की सांगणारा आप्त आहे का हे कोण विचारतो?

वृत्तपत्रांत हे सुरू कधी झाले?

अफवा माणसाइतकी जुनी, पण धंदा म्हणून याची घडी बसली १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये. बेंजामिन डे याने 'सन' हे एका सेंटचे दैनिक काढले. त्या वेळी बाकीची पत्रे सहा सेंटला मिळत आणि ती व्यापाऱ्यांची. 'सन' रस्त्यावर पोरे ओरडून विकत. सारा खेळ या ओरडण्यात आहे. वर्गणीदाराकडे अंक आपोआप जातो, त्याला दारात गाठायचे नसते. फुटकळ गिऱ्हाईक रोज नव्याने पटवावे लागते, म्हणून मथळा गळ्यात बसवावा लागतो.

योगायोग असा की आपले 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी याच्या जेमतेम वीस महिने आधी, ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले होते. मराठी-इंग्रजी, वर्गणीवर चालणारे, ज्ञानप्रसारासाठी. दोन्ही पत्रे समकालीन, पण एकाला वाचक घडवायचा होता आणि दुसऱ्याला तो रस्त्यात गाठायचा होता.

१८३५च्या ऑगस्टमध्ये 'सन'ने सहा भागांची मालिका छापली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेत केपला होते, हे खरे. त्यांनी प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावर दोन पायांचे बीव्हर आणि पंखांची वटवाघुळी माणसे पाहिली, ही थाप. लिहिणाऱ्याचे आडनाव लॉक होते. ज्ञानाचा उगम संवेदनांत शोधणाऱ्याच्या आडनावाच्या माणसाने हे करावे, यावर मी वर्गात दर वर्षी एक विनोद करतो आणि दर वर्षी तो पडतो. 'सन'ने रीतसर माफी कधी मागितली नाही. खप वाढला.

'पिवळी' पत्रकारिता पिवळी का?

एका पोराच्या सदऱ्यामुळे. जोसेफ पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट या चित्रकाराचा एक टकल्या, पिवळा झगा घातलेला गल्लीतला पोरगा लोकप्रिय झाला. विल्यम रँडॉल्फ हर्स्टने १८९५ साली 'न्यूयॉर्क जर्नल' घेतले आणि पुढच्या वर्षी पैसे ओतून चित्रकारालाच पळवले. पुलित्झरने दुसऱ्या चित्रकाराकडून तोच पोरगा चालू ठेवला. दोन पत्रांत दोन पिवळी पोरे आणि मथळ्यांची चढाओढ. त्यावरून नाव पडले.

१५ फेब्रुवारी १८९८ला हवाना बंदरात अमेरिकेची 'मेन' ही युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. कारण कळायच्या आधीच 'जर्नल'ने शत्रूचे कारस्थान म्हणून ठणाणा केला आणि गुन्हेगार दाखवणाऱ्याला ५० हजार डॉलरचे बक्षीस लावले. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध जुंपले. पुढे १९७६ साली अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासात स्फोट जहाजाच्या आतूनच, बहुधा कोळशाच्या कोठीतल्या आगीने झाला असावा, असे निघाले.

मात्र 'तू चित्रे पाठव, युद्ध मी पुरवतो' अशी हर्स्टची तार जी सगळीकडे सांगतात, तिचा पुरावा कुणालाही मिळालेला नाही. सनसनाटीविषयीची सर्वांत गाजलेली कथा स्वतःच सनसनाटी निघावी! युद्धाला क्युबातला उठाव आणि अमेरिकेचे राजकारण अशी कारणे होती. वृत्तपत्रांनी जाळात तेल ओतले, चूल त्यांची नव्हती. आणि पुलित्झर? त्याच्याच पैशांतून कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय निघाले आणि १९१७पासून त्याच्या नावाचे पुरस्कार सुरू झाले.

मराठी पत्रांनी कधी असे केले का?

या प्रश्नावर वर्गात कुजबुज होते, कारण उत्तरात मोठी नावे येतात. 'केसरी' निघाल्यावर वर्षभराच्या आत कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशा अर्थाचा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये येऊ लागला. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने रामशेट उरवणे यांनी जामीन दिला होता, ही आठवण सांगायला हवी. मतभेद असलेली माणसेही त्या प्रसंगी पाठीशी उभी राहिली.

याला सनसनाटी म्हणावे का? हेतू खप वाढवण्याचा नव्हता. राजाविषयी कळकळ खरी होती आणि संशयही पुण्यात घरोघर होता. पण वात्स्यायनाच्या भाषेत बोलायचे तर लांबून काहीतरी उठताना दिसत होते आणि छापला गेला धूर. पत्रे देणारा आप्त आहे का, ही तपासणी कमी पडली. चांगल्या हेतूने चुकणारा संपादक पुढे तुरुंगात जाऊन किंमत मोजतो. आजकाल तो पुढच्या चर्चेला बसतो.

नानावटी प्रकरण नेहमी सांगतात, ते कशासाठी?

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कवास नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. पाव रुपयाचा अंक रस्त्यावर दोन रुपयांना गेल्याचे सांगतात. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे जन्मठेप झाली, ती १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि शेवटी राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. सांगतात ते यासाठी की बातमीने एका माणसाला नायक आणि मेलेल्याला खलनायक करून ठेवले होते, तेही साक्षी संपण्याआधी. मेलेला माणूस वाचकांची पत्रे लिहीत नाही.

सनसनाटीने कधी भले केले आहे का?

केले आहे, आणि तेच अडचणीचे आहे. लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने जुलै १८८५मध्ये अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर लेखमाला छापली. मथळे आणि उपमथळे आजही वाचवत नाहीत इतके भडक. विक्री किती सोपी आहे हे दाखवायला त्याने स्वतः एक तेरा वर्षांची मुलगी 'विकत घेतली'. अंकासाठी झुंबड उडाली. रेंगाळलेला कायदा काही आठवड्यांत मंजूर झाला आणि संमतीचे वय तेराचे सोळा झाले. मुलीला वडिलांच्या परवानगीशिवाय नेले म्हणून स्टेडला तीन महिने तुरुंगही झाला. १९१२ साली तो 'टायटॅनिक'वर बुडाला.

मग स्टेड बरोबर की चूक? मी दोन्ही बाजूंनी वाद घातला आहे. माझे मत असे: त्याने भडकपणा वापरला, पण वाचकाला तिथे सोडून दिले नाही. कायद्याचे कलम, वय, पोलिसांचे अधिकार, पुढे काय व्हायला हवे हे सारे लिहिले. पुतळ्याला दुसरी पायरी दिली. त्या मुलीला मात्र कुणी विचारले नाही, हे विसरू नये.

पण लोकांनाच असे हवे असते ना?

अर्धे खरे. धोक्याकडे आधी लक्ष जाणे हे शरीरातच आहे. झुडपात खसफस ऐकून न वळणारे आपले पूर्वज झाले नसतील. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका संकेतस्थळाचे एक लाखाहून जास्त मथळे तपासले. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होते. २०१८च्या दुसऱ्या अभ्यासात ट्विटरवरच्या सव्वा लाख बातम्या पाहिल्या. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त आढळली, आणि ते ढकलणारी यंत्रे नव्हती, माणसे होती. खोटी बातमी नवीन वाटते, हे त्यांनी सुचवलेले एक कारण.

पण मान वळणे आणि हवे असणे एक नव्हे. रस्त्यावर भांडण लागले की आपण थबकतो. म्हणून कुणी दारात भांडण लावून द्यायला सांगत नाही.

टीव्हीवर कुणाचा अंकुश आहे की नाही?

आहे, पण बोथट. २६/११च्या वेळी कमांडोंची हालचाल थेट दाखवली गेली. कसाबच्या खटल्यात ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. २०२० साली एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर जे चालले ते सर्वांनी पाहिलेच. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा 'मीडिया ट्रायल'विषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

छापील मजकुराची तक्रार प्रेस कौन्सिलकडे करता येते. ती समज देऊ शकते, दंड नाही. सदस्य वाहिन्यांसाठी वाहिन्यांचीच 'न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी' आहे, तिचा दंड २०२३ साली कमाल एक लाख रुपये होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेच ही रक्कम पुरेशी वचक बसवणारी नाही असे बोलून दाखवले. आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. नुसते 'फार भडक दाखवता' असे लिहिलेत तर काही होत नाही.

मथळा पाहून ओळखायचे कसे?

नियम नाहीत, सवयी आहेत. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर बहुतेक 'नाही' असते. 'हो' असते तर उपसंपादकाने प्रश्न विचारलाच नसता. 'खळबळ उडाली' असे असेल तर कुठे आणि कुणात ते शोधा; पुष्कळदा ती फक्त त्या मथळ्यात उडालेली असते. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे एकदा आले तर चालते. अख्ख्या बातमीत दुसरे काहीच नसेल तर ती गप्पा म्हणून वाचा. आकडा असेल तर 'किती पैकी' हे विचारा. आणि एखादी बातमी वाचून हात लगेच फॉरवर्डकडे जात असेल, तर एक चहा होऊ द्या. तेवढ्या वेळात धूर की धूळ ते बऱ्याचदा कळते.

तुम्ही स्वतः असे मथळे दिले आहेत का?

हा प्रश्न दर वर्षी शेवटच्या बाकावरून येतो. हो, दिले आहेत. एक सांगतो.

पावसाळ्यातली रात्र, डाक आवृत्ती सुटायला वीस मिनिटे. पान सातवर एक जागा मोकळी राहिली. तालुक्याहून आलेली चार ओळींची बातमी हाताशी होती: अमुक गावात विहिरीचे पाणी लाल झाले, ग्रामस्थांत घबराट. मी मथळा दिला: 'विहिरीतून रक्त?' प्रश्नचिन्हासकट. मुख्य उपसंपादकाने हसून पान सोडले.

तिसऱ्या दिवशी त्या गावचे एक आजोबा कचेरीत आले. धोतर, टोपी, हातात काचेची बाटली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "भाऊ, आरोग्यखात्याचा पोरगा येऊन लाल औषध टाकून गेला होता. साथ येऊ नये म्हणून. तुमचा पेपर आल्यापासून बायका त्या विहिरीवर जात नाहीत. नदीचं आणतात." पुराची नदी. बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघा तुम्हीच."

खुलासा छापला. पान सातवरच, चार ओळी, मथळ्याला ठळक टाइप नाही. बाटली टेबलावरच राहिली. उचलून फेकायला कुणी तयार होईना. चार-पाच दिवसांत पाण्याची लाली उतरली, ते तपकिरी झाले आणि तळाशी गाळ बसला.